भरल्या गाडीची परीक्षा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची. एका राज्यात घाटाच्या अलीकडे कुंभारांची वस्ती होती आणि घाटाच्या पलीकडे राजाचा गड होता. गडावर पाऊस भरपूर पडे, पण टाक्यांत साठलेलं पाणी उन्हाळ्यात आटून जाई. म्हणून दर साली उन्हाळ्याआधी वस्तीतले रांजण गडावर जात, आणि त्यात साठवलेल्या पाण्यावर गड उन्हाळा काढी.

हे रांजण नेणारी एक गाडीवाली होती. वस्तीत गाड्या बऱ्याच होत्या, पण रांजण भरायचे तर तिच्याच गाडीत. तिने नेलेल्या रांजणाला कधी तडा गेला नव्हता, आणि ही गोष्ट ती अधूनमधून, कुणी विचारलं नाही तरी, सांगत असे. मला विचाराल तर त्यात काही वाईट नाही. चांगलं काम करणाऱ्याने मान खाली घालूनच चालावं, असा नियम कुणी केला ते मला माहीत नाही.

तिची गाडी घाटाच्या अलीकडेच असलेल्या राजाच्या रथखान्यात घडलेली होती. चाकं ज्यावर फिरतात त्या आडव्या आसावर रथखान्याचा शिक्का होता. शिक्क्याची गाडी असेल तरच गडाच्या दरवाजातून आत माल जाई. आणि रथखान्याचा कायदा असा, की बाहेरच्या कारागिराने आसाला हात लावला तर शिक्का खरवडून टाकायचा.

एका हिवाळ्यात ही गाडी डावीकडे ओढायला लागली. थोडंसंच, पण ओढायला लागली.

आता वस्तीची एक रीत होती. गाडी वाकडी जाऊ लागली की बैलांच्या बाजू बदलायच्या. जिकडे गाडी ओढते तिकडे जोराचा बैल लावायचा, की गाडी सरळ. याला तिथे कसब म्हणत. गाडीवालीकडे दोन बैल होते, बांड्या आणि हरण्या. हरण्या जोराचा. तिने हरण्याला डावीकडे जुंपलं, गाडी सरळ चालली, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तिची पाठ थोपटली. ती खूश झाली. सगळा हिवाळा तिने असाच काढला.

हिवाळा सरता सरता हरण्याचा खांदा सुजला. तिने हळद लावली, जुवाखाली मऊ गोधडी बांधली. सूज उतरेना. एका सकाळी ती जू घेऊन पुढे आली, तर हरण्या मागे सरकला. त्या काळी बैल बोलत असत, पण फार कमी बोलत, कारण ऐकणारे तेव्हाही कमीच होते.

हरण्या म्हणाला, "तू माझी जागा बदललीस. चाकाचं काय केलंस?"

कौतुक आपल्या पाठीवर आणि ओझं याच्या खांद्यावर, हे गाडीवालीला त्या क्षणी लख्ख दिसलं. तिला लाज वाटली. तिने जू खाली ठेवलं, हरण्याच्या मानेवरून हात फिरवला आणि चाक नीट करून घेतल्याशिवाय त्याला जुंपणार नाही, असा शब्द दिला.

पण चाक नीट करायचं कुणाकडून? यावर वस्तीचे दोन तट पडले. एक तट म्हणे, गाडी ज्यांनी घडवली त्यांच्याकडेच न्यावी, त्यांना तिची नस नि नस ठाऊक. दुसरा म्हणे, रथखान्यात नुसता थाट. नदीकाठी चिंचेखाली बसणारा सुतार बघ, त्याच्या हाताखालून देशोदेशीच्या गाड्या गेल्यात. ज्यांच्या घरी गाडीच नव्हती ते सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. इकडे रांजण भट्टीतून निघून रांगेत उभे होते आणि गडावरची टाकी आटत चालली होती.

गाडीवाली आधी रथखान्यात गेली; गाडी रिकामी होती, म्हणून बांड्याच्या जोडीला हरण्याच्या जागी तिने स्वतःच जू धरलं. तिथली फरशी आरशासारखी घासलेली होती. ती मळू नये म्हणून गाडी रिकामी आणायची, धुऊन आणायची आणि बैल बाहेर ठेवायचे, अशी तिथली शिस्त होती. मुख्य कारागीर पांढऱ्या अंगरख्यात आला. माणूस अदबीचा होता, त्याने तिला बसायला पाट आणि प्यायला गुळाचं पाणी दिलं. मग ओळंबा सोडला, दोरी ताणली, चाकाची वरची कड पाहिली, खालची पाहिली. दोन्ही चाकं फरशीवर अगदी सरळ उभी होती.

त्याने सांगितलं की गाडीत काही दोष नाही. दोष बैलात असेल. खांदा गेलेला बैल विकून टाकावा आणि नवा घ्यावा.

गाडीवालीने गुळाचं पाणी अर्धं ठेवलं आणि ती उठली.

मग ती चिंचेखाली गेली. सुतार लाकूड तासत बसला होता. रथखान्याचं नाव काढताच तो पोट धरून हसला. ते लोक चाकाला फुलं वाहतात, दुरुस्त करत नाहीत, म्हणाला. त्याने चाकाकडे एकदा पाहिलं, मोगरी उचलली आणि दोन घावांत नीट करून देतो म्हणून हात उगारला.

गाडीवालीने मोगरी वरच्यावर धरली. तिने सांगितलं, की आधी गाडी भरून चालवून बघायची आणि मग घाव घालायचा.

सुताराला राग आला. या कामात माझे केस पिकले, आता मला चाक ओळखायला गाडी भरावी लागते होय, असं तो म्हणाला.

"माझेही गाडीवरच पिकले," गाडीवाली म्हणाली. "तुम्ही चाक बघितलंत, त्यांनीही बघितलं. गाडी चालताना कुणीच बघितली नाही. गडावर मला रिकामी गाडी न्यायची नाहीये. माझ्या मागे चालत येणार असाल तर काम तुमचं, नाहीतर ही मी निघाले."

आपल्याशी असं बोलणारं गिऱ्हाईक सुताराने पाहिलं नव्हतं. तो कुरकुरत उठला. त्यांनी नदीतले गोटे रांजणांच्या वजनाइतके गाडीत भरले. हरण्याला दिलेला शब्द होता, म्हणून सुताराचाच एक बैल बांड्याच्या जोडीला लावला आणि गाडी ओल्या वाळूवरून चालवली. गाडीवाली कासरा धरून पुढे, सुतार मागे वाकून.

थोडं अंतर गेल्यावर सुताराची कुरकुर बंद झाली. वाळूत उजव्या चाकाची चाकोरी बारीक, रेखीव उमटत होती. डाव्या चाकाची रुंद होती आणि फरपटल्यासारखी. तो गाडीखाली शिरला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. लाकडी आसाला डाव्या अंगाला, लोखंडी पट्टीच्या आड, चीर गेली होती. ओझं आलं की चीर उघडायची आणि चाक कलायचं. ओझं उतरलं की चीर मिटायची आणि चाक सरळ व्हायचं.

सुतार म्हणाला, "मी दोन घाव घातले असते, चाक नीट झालं असं वाटलं असतं, आणि घाटाच्या उतारावर तुझा आस मोडला असता. बैलांसकट खाली गेली असतीस."

मग त्याने जे केलं त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. गिऱ्हाईक दारात आलेलं होतं, काम हातात होतं. तरी त्याने सांगितलं की चाकाच्या मधला तुंबा एका बाजूने झिजलाय, तो मी बदलून देईन आणि चाकही बसवून देईन. पण एवढ्या ओझ्याचा आस माझ्याकडे होत नाही. तसं मुरवलेलं लाकूड फक्त रथखान्याच्या कोठारात असतं. शिवाय मी हात लावला तर तुझा शिक्का जाईल. आसासाठी तुला तिकडेच गेलं पाहिजे. एवढं बोलायला त्याला फार जड गेलं, हे सांगायला नको.

गाडीवाली भरलेली गाडी तशीच घेऊन रथखान्याच्या दारात उभी राहिली. पहारेकऱ्याने अडवलं. मुख्य कारागीर बाहेर आला, त्याने गोटे पाहिले, चिखल पाहिला, मागे उभा असलेला सुतार पाहिला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. आमच्या फरशीने आजवर खोटं सांगितलेलं नाही, असं तो म्हणाला.

"फरशी खोटं कशाला सांगेल?" गाडीवाली म्हणाली. "तुम्ही तिला रिकाम्या गाडीचं विचारलंत, तिने रिकाम्या गाडीचं सांगितलं. आता रस्त्यावर या आणि भरलेल्या गाडीचं बघा. या आसावर तुमचा शिक्का आहे. घाटात तो मोडला तर माझं नाव जाईलच, पण तुमचं राहील असं समजू नका."

आत काम करणारे सगळे हात थांबवून बघत होते. मुख्य कारागिराने जोडे काढले, पांढरा अंगरखा गुडघ्यापर्यंत खोचला आणि तो धुळीत उतरला. गाडी चालली तसा तो मागे चालला. वेशीपर्यंत गेला आणि तिथे गुडघ्यांवर बसून गाडीखाली डोकावला.

उठला तेव्हा तो कुणावर रागावलेला नव्हता. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की दोष आमच्या लाकडात होता, आणि बैल विकायला सांगितलं ते चुकलं. कोठारातलं सर्वांत जुनं, मुरलेलं लाकूड काढून त्याने स्वतः आस घडवला. सुताराने तुंबा बदलला आणि चाक बसवलं. हरण्याचा खांदा बरा होईपर्यंत गाडीवाली थांबली. वस्तीचे कुंभार घाई करत होते, त्यांना तिने सांगितलं की गाडी तयार आहे, माझा बैल अजून नाही.

खांदा भरून आला तशी गाडी भरली. रांजण गवतात बसवले आणि गाडी घाटाला लागली. सुतार मागून निघाला, कारण त्याला आपला तुंबा बघायचा होता. मुख्य कारागीरही निघाला, कारण त्याला आपला आस बघायचा होता. दोघे गाडीच्या दोन बाजूंनी, धूळ खात, एकमेकांशी चकार शब्द न बोलता चालले होते. पण दोघांची नजर एकाच चाकावर होती.

चढ संपला आणि उतार सुरू झाला. एका वळणावर रस्ता इतका अरुंद होता, की चाक वीतभर जरी सरकलं तरी खाली दरीच. तिथे गाडीवालीने कासरा सैल सोडला. बैलांनी नेहमीच्या चालीने पावलं टाकली, आणि रांजणांनी गच्च भरलेली गाडी त्यांच्यामागे सरळ गेली. ना हरण्याने मान वाकडी केली, ना बांड्याने. गाडी सरळ हाकल्याचा मान गाडीवालीने आयुष्यभर मिरवला होता, पण गाडी सरळ असल्याचा मान काही वेगळाच होता.

गडाच्या दरवाजात किल्लेदार उभा होता. सगळे रांजण धड उतरले. एवढ्या उतारावरून एवढं ओझं इतकं सरळ आलेलं त्याने पाहिलं नव्हतं. गडाच्या गाड्याही त्याला दुरुस्त करून घ्यायच्या होत्या. त्याने गाडीवालीला विचारलं, की रथखान्याकडे पाठवू की चिंचेखालच्या सुताराकडे?

दोघे मागेच उभे होते. दोघांनीही कान टवकारले.

गाडीवाली म्हणाली, "जो भरल्या गाडीमागे धुळीत चालायला तयार असेल, त्याच्याकडे पाठवा. आज असे दोघे आहेत, म्हणून दोघांकडे पाठवा. उद्या त्यातला एक चालायचा थांबला, तर त्याच्याकडे पाठवू नका."

किल्लेदाराने हे राजाच्या कानावर घातलं आणि राज्याचा कायदा बदलला. गाडी कुठेही दुरुस्त होवो, दुरुस्त करणाऱ्याने ती भरून, मालकासोबत वेशीपर्यंत तिच्यामागे चालत जायचं. रथखान्याच्या फरशीवर चिखलाची पावलं उमटू लागली आणि ती कुणी पुसायची घाई करेना. कुंभारांच्या वस्तीत बैलांच्या बाजू बदलणं बंद झालं. गाडी ओढायला लागली की लोक आधी चाकाखाली बघू लागले आणि बैलाला दोष देणाऱ्याला हसू लागले.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं मनात धरा: काम कुणाला द्यायचं हे त्याच्या दारावरच्या नावावरून ठरवू नका, आपलं काम आपल्यासोबत पारखून घ्यायला तो तयार आहे का, यावरून ठरवा.