कोंबडीचोरांची निवडक बोंब

एका गावात एक भोळा गेणू राहायचा. भोळे त्या गावात पुष्कळ होते, पण ते मधूनमधून शहाण्यासारखं वागून लोकांची फसवणूक करायचे. गेणू तसा नव्हता. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. घाम फुटायचा तो काम सांगणाऱ्याला.

या गावाचा एक बँड होता. नाव कोंबडीचोर. लग्नाच्या वरातीतला बँड नव्हे, पंक बँड. पंक म्हणजे काय, असं पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं होतं. त्यांना सांगण्यात आलं की चार माणसं, तीन सूर आणि सगळे रागावलेले. म्हातारे म्हणाले, मग आमची ग्रामसभा काय वेगळी असते?

पंचवीस वर्षांपूर्वी दस्तगीर मिस्त्री आणि त्याच्या तीन दोस्तांनी वेल्डिंगच्या शेडमध्ये गाणी म्हणून टेप केली. ‘सरपंच झोपला’, ‘बत्ती कुठाय’, ‘मी नाही येत जा’. शेडमधला कुत्राही मध्येच भुंकला, तोही कॅसेटमध्ये आला. पुढे पोरं शहरात गेली, गाजली, पोटं सुटली. ज्या कंपनीकडे मूळ टेप होती ती कंपनी बुडाली आणि टेप उंदरांनी खाल्ली. म्हणून आता कोंबडीचोरांनी आपली गाजलेली गाणी नव्यानं म्हणून काढली होती. रेकॉर्डचं नाव ‘निवडक बोंब’.

रेकॉर्ड बाजारात यायच्या आधी दस्तगीर गावात आला आणि चाहता मंडळाच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवून म्हणाला, “तुम्ही आमची पहिली माणसं. जुनं ऐका, नवं ऐका. रविवारी येतो. तुम्ही नको म्हणालात तर रेकॉर्ड निघणार नाही आणि मीबी पुन्हा माईक धरणार नाही.”

एवढं बोलून तो गेला. मंडळाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मंडळ म्हणजे मुख्य दोघं. शेवंताआक्का, जिच्या पिठाच्या गिरणीत बैठका व्हायच्या, कारण तिथं कितीही आवाज केला तरी शेजारी गिरणीलाच शिव्या द्यायचे. आणि तात्या उरूणकर, एसटीतले रिटायर कंडक्टर, ज्यांच्या मते एसटीपासून आंब्यापर्यंत सगळं आधी चांगलं होतं. बाकीचे सभासद मान डोलवायला. गेणू सभासद नव्हता. तो झाडायचा आणि चहा करायचा.

जुन्या गाण्यांची जगात एकच कॅसेट उरली होती. ती आक्काच्या तांदळाच्या डब्यात असायची. गुरुवारी ती बाहेर काढली. आक्कानं दम भरला, “गाणं वाजतंय तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई.”

“बरं, आक्का,” गेणू म्हणाला.

गाणं सुरू झालं. तात्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात दारातून एक शेळी आत आली आणि पोत्यावर ठेवलेली तात्यांची नवी टोपी खाऊ लागली. गेणू बघत होता. शेळीनं सावकाश, चवीनं टोपी संपवली. गाणं संपलं.

“तात्या, तुमची टोपी,” गेणू म्हणाला.

“कुठाय?”

“मगाशी हितं होती. आता शेळीत हाय.”

आक्कानं कपाळ बडवलं. “आरं मुडद्या, शेळी दिसली की बोंब ठोकायची!”

“बरं, आक्का.”

शुक्रवारी आक्कानं त्याला शिवा न्हाव्याकडे धाडलं. शिवाही मंडळातला, रविवारी ये म्हणून सांगायचं होतं. शिवा पोलीस पाटलांच्या मिशीला कोर देत होता. बारीक काम. गेणू दारात पोचला आणि रस्त्यानं एक शेळी आपली आपल्या घरी चालली होती.

गेणूनं बोंब ठोकली. अशी बोंब कोंबडीचोरांना तरुणपणीही जमली नव्हती. शिवाचा हात उडाला. पाटलांची डावी मिशी वस्तऱ्याबरोबर गेली.

पाटील आरशात बघत राहिले. शिवा वस्तरा खाली ठेवत म्हणाला, “आरं, माणूस कामात आसला की बोंबलायचं नसतं! जवळ जायचं, हळूच कानात सांगायचं.”

“बरं, शिवादादा,” गेणू म्हणाला. मग जवळ जाऊन त्यानं पाटलांच्या कानात हळूच सांगितलं, “उजवी राहिली.”

शनिवारी नवी गाणी ऐकायची होती. तात्यांनी नातवाचा स्पीकर आणला, त्याला पेन ड्राइव्ह लावला आणि आवाज पार वर नेला. गिरणीत ज्वारी चालू होती. दस्तगीर स्पीकरमधून किंचाळत होता, सरपंच झोपला, सरपंच झोपला. तात्या मान हलवत होते, पण आडवी. गेणूला दिसलं की गिरणीतलं धान्य संपलंय आणि दगडावर दगड घासतोय.

तो आक्काजवळ गेला आणि हळूच कानात म्हणाला, “आक्का, ज्वारी संपली.”

“काय?”

“ज्वारी संपली,” गेणू आणखी हळू म्हणाला.

“मोठ्यानं बोल की!”

गेणूनं मान हलवली. माणूस कामात होतं. तो तिसऱ्यांदा कानाशी लागला तोवर गिरणीतून ठिणग्या उडाल्या आणि धूर दाटला. ठसकत ठसकत सगळे बाहेर आले. आक्कानं आत धावत जाऊन पट्टा उतरवला. दगडांची पार वाट लागली होती.

“चहा टाक,” ती ओट्यावर बसत म्हणाली. तिच्या अंगात शिव्या द्यायचंही त्राण नव्हतं.

गेणूनं चहा केला आणि किटलीत ओतला. किटलीत सकाळचा चहा होता, साय धरलेला. आक्कानं एक घोट घेतला आणि तिला त्राण परत आलं. “शिळ्यावर ताजं वततोस व्हय रं? आधी जुनं वतून टाकायचं. भांडं उलटं धरून झटकायचं. मग नवं भरायचं. जुन्याचा थेंब ऱ्हायला न्हाई पायजे!”

“बरं, आक्का,” गेणू म्हणाला. हे त्याला फार पटलं.

इकडे तात्यांनी हरकत घेतली होती. जुनं आक्काच्या टेपवर आणि नवं चकचकीत स्पीकरवर, हा काही न्याय नव्हे. दोन्ही एकाच टेपवर वाजली पाहिजेत. मंडळानं मान डोलावली. आक्कानं गेणूच्या हातात पेन ड्राइव्ह आणि जुनी कॅसेट दिली. “गाडेकराच्या दुकानात जा. ही दाखव, आशीच एक कोरी घे आणि नवी गाणी भरून आण.”

गेणू गेला. गाडेकरानं कोरी कॅसेट काढली आणि नवी गाणी भरली. मग त्याला गेणूच्या हातातली दुसरी कॅसेट दिसली.

“ही कशाला आणलीस?”

“हीबी भरा.”

“हिच्यात काय हाय?”

“आता काय न्हाई. रिकामी करून आणलीय.”

“हिच्यातबी तीच गाणी भरू? आक्काला चालंल?”

“जुनं ठेवलं तर आक्का चिडती,” गेणू म्हणाला.

आक्का चिडते हे गाडेकराला ठाऊक होतं. त्यानं हीही भरली.

रविवारी दस्तगीर आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, परीक्षेला बसल्यासारखा कडेच्या पोत्यावर टेकला आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. आक्कानं आधी नवी कॅसेट लावली. गाणी वाजली, संपली. तात्यांनी घसा साफ केला.

“दस्तू, वाईट वाटून घेऊ नकोस. पण हे गुळगुळीत झालंय. यात जीव नाही.”

“राग कुठंय?” आक्का म्हणाली. “ही बोंब न्हवं, बाबा. जेवण झाल्यावरचा ढेकर हाय हा.”

मंडळानं मान डोलावली. दस्तगीर खाली बघत होता.

मग आक्कानं जुनी कॅसेट हातावर पुसली, कपाळाला लावली आणि टेपमध्ये घातली. पहिलाच सूर वाजला आणि तात्यांचे डोळे भरून आले.

“आहाहा! हा बघा. हा खरा दस्तू! उपाशी पोटाचा आवाज आहे हा.”

“काटा आला अंगावर,” आक्का म्हणाली आणि तिनं हात पुढे करून काटा दाखवला.

“आणि हे... हे ऐकलंत? कुत्रं भुंकलं!” तात्या म्हणाले.

कुणालाच ऐकू आलं नव्हतं. पण आपल्याला ऐकू आलं नाही असं म्हणायचं कुणी? शिवा म्हणाला, चांगलं दोनदा भुंकलं. आक्का म्हणाली, दरवेळी त्या कुत्र्यापाशी मला रडू येतं. शेवटी दस्तगीरनंही रुमाल काढला.

“आमचा वाघ्या तो,” तो म्हणाला. “खरंय तुमचं. असा आवाज आता माझ्या गळ्यातनं निघायचा न्हाई. ऱ्हाऊ दे ती रेकॉर्ड.”

तो उठला. आक्काला हुंदका आवरेना. पंचवीस वर्षं तिला तोंडपाठ असलेली ती बोंब आता कायमची बंद होणार होती, आणि तीही तिच्याच गिरणीत, तिच्याच तोंडानं.

गेणू चहा घेऊन आला. सगळे रडताना बघून त्याला वाटलं, आपलं काम पसंत पडलं. तो खूश होऊन म्हणाला, “आक्का, दोन्ही काठोकाठ भरून आणल्यात. जुन्याचा थेंब ऱ्हाऊ दिला न्हाई.”

“कशात?”

“कॅसेटीत. दोन्हीत नवीच गाणी हायत. गाडेकराला इचारा.”

आक्कानं टेपकडे पाहिलं, मग तात्यांकडे. तात्या छताकडे बघू लागले. शिवा आपल्या वस्तऱ्याच्या पिशवीत काहीतरी शोधू लागला.

आधी हसला तो दस्तगीर. पोट धरून हसला, पोत्यावर बसला, पुन्हा हसला. “म्हंजे मघाशी मी माझ्याच आवाजाला रडलो? आन् तुम्हीबी? मग निघणार रेकॉर्ड! उद्याच निघणार!” आक्कानंही डोळे पुसत दोन शिव्या घातल्या, एक गेणूला आणि एक स्वतःला, आणि चहा घेतला.

फक्त तात्या उभेच होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“गेणू,” ते म्हणाले, “मग जुनं कुठाय?”

“वतून टाकलं की.”

“कुठं?”

“हितंच, दारातल्या गटारात. कॅसेट उलटी धरली आन् चांगली झटकली.”

तात्या धावत बाहेर गेले. धोतर वर खोचून गटाराच्या काठावर गुडघे टेकले, खाली वाकले आणि कान पाण्याला लागेपर्यंत वाकतच गेले. सगळं मंडळ दाराशी येऊन उभं राहिलं. आत टेप अजून चालू होता.

“ती नवी बंद करा आधी!” तात्या हात उंच करून ओरडले. “येतंय! अरे, हा खरा आवाज!”