अरुणाने ओढून धरलेली पहाट

पूर्वी, त्रेतायुगाचा पहिला चरण सरत असताना, उदयकूट पर्वताच्या पायथ्याशी, सुवेणा नदीच्या तीरावर विपुलाश्व नावाचा राजा राज्य करीत होता. सत्यप्रतिज्ञ, दानशूर, देवब्राह्मणांचा पूजक असा हा नृपती. खोट एवढीच, की सूर्य हातभर वर आल्यावाचून त्याचा डोळा उघडत नसे, आणि उघडला तरी सिंहासनापर्यंत जाताना तो दोनदा टेकत असे. आता हे काही महापातक नव्हे. पण सुवेणा ही त्याच्या कुळाला सूर्याने दिलेली नदी, आणि त्या वरदानाला अट होती. प्रत्येक राजाने राज्यारोहणाच्या बाराव्या वर्षी, रथसप्तमीला, सूर्यबिंब वर येण्यापूर्वी स्वतःच्या पायांनी उदयकूट चढावा आणि शिखरावरून अर्घ्य द्यावे. चुकला, तर नदी पाताळात लुप्त होईल.

त्या दिवसाला वर्ष उरले तेव्हा कुलगुरू दीर्घशम ऋषी आले. राजाला नखशिखान्त न्याहाळून त्यांनी सांगितले, की बाबा रे, वर्षभर पहाटे स्नान, मग प्राणायाम, मग सूर्याच्या बारा नावांनी बारा साष्टांग नमस्कार, एवढे होऊ दे. शरीर हलके होईल, चित्त ठिकाणावर राहील, डोंगर सहज चढशील. इतके बोलून ते तपाला निघून गेले.

राजाने आज्ञा शिरसावंद्य मानली. आणि भला माणूस करून काय बसला, तर आजवर प्रत्येक यज्ञात करीत आला तेच. यज्ञात आहुती टाकतो कोण? ऋत्विज. फळ कोणाला? यजमानाला. झाले तर मग! ऋतंवद नावाचा एक काटकुळा ब्राह्मण बोलावून त्याने त्याच्या हातावर संकल्पाचे उदक सोडले, आपल्या देहाच्या आरोग्यासाठी नमस्कार घालण्यास त्याला नेमले, आणि कृतार्थ होऊन तो झोपी गेला.

सहा महिने लोटले. राजाला उठताना गुडघे धरावे लागू लागले, आणि ऋतंवदाची छाती मात्र कवाडासारखी रुंद झाली. राजा चक्रावला. मंत्रांत स्वर चुकत असतील म्हणून एक पंडित ऐकायला बसवला. स्वर निर्दोष होते. नमस्कार कमी पडत असतील म्हणून बाराचे चोवीस केले, चोविसाचे एकशे आठ. ब्राह्मण आणखीच तगडा झाला, आणि राजाला पालखीवाचून उद्यानात जाता येईना. कर्माचे फळ कर्त्याचे की यजमानाचे, यावर सभेत तीन दिवस वाद झडला. तिसऱ्या दिवशी आपण कोणत्या बाजूने बोलतो आहोत हेच कोणाला उमजेना. ऋतंवद बिचारा ओशाळून गेला होता. आपण राजाचे काहीतरी चोरतो आहोत असे त्याला वाटे, पण काय आणि कसे, ते कळत नव्हते.

रथसप्तमी आली. अजून अंधार असतानाच राजा अनवाणी डोंगर चढू लागला. मागे अर्घ्याची झारी घेऊन ऋतंवद. निम्म्या वाटेवर राजाचे पाय लुळे पडले आणि तो शिळेवर कोसळला. ऋतंवदाला साधी धापही लागली नव्हती, पण राजाला उचलून नेले तर अट मोडणार. खाली सुवेणेच्या काठी प्रजा जमलेली अंधुक दिसत होती. राजाला रडू कोसळले.

तोच पूर्वेला लाली फाकली, आणि त्या लालीत सूर्यरथाच्या सात अश्वांचे लगाम धरलेला, कमरेखाली देहच नसलेला सूर्यसारथी अरुण प्रकट झाला.

राजा हात जोडून म्हणाला, "हे विनतानंदना, वर्षभर माझ्या नावे नमस्कार झाले, विधीत तसूभर न्यून नाही. मग ते फळ गेले कुठे? मला काही म्हणता काही उमगत नाही."

"पुण्य तुझेच आहे, राजा, परलोकी ते तुला मिळेल. डोंगर मात्र इहलोकीचा आहे," अरुण म्हणाला. "मी जन्मलो तो मांड्यांवाचून. या धरणीवर उभे राहून एक नमस्कार घालावा म्हणून युगानुयुगे झुरतो आहे. आणि तू धडधाकट पाय असून त्यांचे काम दुसऱ्याला नेमून दिलेस?"

राजाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अरुणाच्या ओठांवर शाप आला होता. पण तेवढ्यात राजा शिळेला धरून कसाबसा उठला, त्याने एक पाऊल टाकले, मग दुसरे. अरुणाने शाप गिळला.

"तुझे पाऊल पडत राहील तोवर मी लगाम ओढून धरीन," तो म्हणाला. "तू बसलास, की घोडे सुटले."

मग चढण संपेना आणि पहाटही संपेना. ऋतंवद मागून एकेक नाव उच्चारी, मित्र, रवी, सूर्य, भानू, आणि राजा आयुष्यात प्रथमच ती स्वतःच्या तोंडाने म्हणत, हातापायांवर रांगत, वर सरके. खाली सगळा गोंधळ उडाला. पाखरे एकदा किलबिलून गप्प झाली आणि पुन्हा किलबिलू लागली; गाई दोहून झाल्या तरी उजाडेना; आपण फार लवकर उठलो की काय, असे जो तो शेजाऱ्याला विचारू लागला.

राजा शिखरावर पोचला. हात इतके थरथरत होते, की निम्मे अर्घ्य त्याच्याच पायांवर सांडले. तेही सूर्याने स्वीकारले. सुवेणेचा घोष दरीतून वर आला, आणि राजा तिथेच मातीत बसून हसला. उशीर का झाला हे ऐकल्यावर सूर्य प्रसन्न होऊन अरुणाला म्हणाला, "आजपासून माझ्या उदयापूर्वीच्या चार घटका तुझ्या. आपले पाय जो आपण वापरील, त्याच्यासाठी तू रोज असाच लगाम धर." तोच हा अरुणोदयाचा काळ.

दुसऱ्या पहाटे ऋतंवद नित्याप्रमाणे राजवाड्यात आला, तर अंगणात राजा एकटाच, दोन्ही हात भुईला टेकून, तसाच अडकून राहिलेला.

"ऋतंवदा," त्याने वर न पाहता विचारले, "आधी कोणता पाय मागे न्यायचा?"

ऋतंवद शेजारी उभा राहिला आणि त्याने करून दाखवले. पूर्वेला लाली होती, आणि सूर्य अजून वर आला नव्हता.