बकुळीचा डावा पाय

"कापायचं का न्हाई, एवढं एका शब्दात सांगा."

घोडीचा दोर हातात धरूनच मी इचारलं. सलाम बी केला न्हाई. डोस्कं फिरलं व्हतं.

हुसेनशा उस्ताद दर्ग्यामागं लिंबाखाली बसून जाळावर हलगी शेकत व्हते. वरातीत घोडी नाचवायची कशी, ते मला त्यांनीच शिकवलं. आता धंदा सोडून फकीर झाल्यात. डोळं गेल्यात जमा, कान तेवढं शाबूत.

"बस, केरबा."

"न्हाई बसत."

"चा घे."

"न्हाई."

उस्ताद हसले. "अजून तसाच हायेस. समोरच्याला आदी न्हाई म्हणायचं, मंग त्यो काय म्हंतो ते ऐकायचं... कापणार कोण?"

"जनावराचा डाक्टर. बकुळीच्या पुढच्या डाव्या गुडघ्यात हाडाचा तुकडा सुटलाय. भूल देऊन सांधा उघडायचा आन तुकडा काढायचा. म्हंतो, चालंल, चरंल, पर नाचणार न्हाई."

"आन न्हाई कापलं तर?"

"गुडघ्यात सुई टोचायची. कळ दबती. ही लग्नसराई नाचंल. म्होरं पाय कामातनं गेला."

उस्तादांनी हलगी फिरवून परत जाळावर धरली.

मला दम धरवंना. "नाचायची न्हाई तर घोडी कशाची? आन भुलीतनं उठताना धडपडली, पाय मोडला, तर गोळीच घालावी लागती. डाक्टरचं काय जातंय?"

"चालवून दाव."

चालवली. आमच्यात दोर आखूड धरत्यात. हनुवटीखाली मूठ, मान वर. वरातीची घोडी रुबाबात दिसाया पायजे.

"लंगडती का?"

"उगं जराशी."

"दोर सोड."

"पळंल की."

"सोड. मला दिसत न्हाई, तूच बघ. मानंकडं बघ."

सोडला.

बकुळी चालाया लागली. डावा पाय टेकला की मान झटक्यानं वर. उजवा टेकला की खाली. वर... खाली. दर पावलाला. त्या एका पायावरचं वझं ती मानंनं उचलून घेत व्हती.

लंगडाया लागल्यापासनं चार महिनं मी तिला रोज हिंडवली. हे मला कदीच दिसलं न्हाई. माझीच मूठ आड यायची.

तरी मी हटलो न्हाई. "परवाच्या वरातीत दोन तास नाचली ती. दुखत असतं तर नाचली असती व्हय?"

उस्तादांनी हलगी काखंत घेतली. टिपरू हळूच कातड्यावर टेकवलं. मंग ताल धरला.

बकुळीचं कान उभं राह्यलं.

दोर भुईवर पडलेला. ओढाया कुणी न्हाई, दटवाया कुणी न्हाई. दर्ग्यामागच्या माळावर मी, उस्ताद आन ती.

तिनं डावा पाय उचलला... टेकला. उजवा उचलला... टेकला. मगाशी वर-खाली व्हणारी मान ताठ. आयाळ उडतीया, टापंगणिक माती उधळतीया. आठ वर्सं नाचवली, पर अशी नाचताना बघितली नव्हती. सगळं अंग घामानं काळं पडलं. डाव्या पायावर ती जास्तीच जोर देत व्हती.



"बघितलं?" म्या म्हनलं. माझाच आवाज मला बारीक वाटला.

उस्तादांनी हलगीवर पंजा ठेवला. ताल तुटला.

बकुळी थांबली. डावा पाय भुईला लागलाच न्हाई. तसाच अधांतरी. थरथर... थरथर. आन ती आमच्याकडं बघत व्हती. पायाकडं न्हाई. हलगीकडं.

वाट बघत व्हती.

 मी खाली बसलो. 

"उस्ताद... एवढं दुखतंय, तर मंग थांबली का न्हाई ती?"

उस्ताद उठले. चाचपडत आले आन हलगी माझ्या मांडीवर ठेवली. कातडं अजून गरम व्हतं.

"हिला न्हाई म्हणाया येत न्हाई, केरबा. तुला तर येतं."