अर्धकालाचा वाटा

एका राज्यात, जिथे राजधानी नदीचे पाणी अडवणाऱ्या एका अफाट बांधाच्या पायथ्याशी वसली होती, तिथे वज्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा वृद्ध होता, आजारी होता, आणि त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बसला की उठे, उठला की कोषागाराकडे जाई आणि कुलूप चाचपून परत येई.

त्याच्या घराण्याला एक शाप होता. फार पूर्वी वेढ्यात सापडलेल्या एका राजाने अर्धकाल नावाच्या मांत्रिकाकडे प्राणांची भीक मागितली आणि मोबदल्यात वचन दिले, की या वंशातला राजा मरेल तेव्हा त्याच्या मालकीचे निम्मे तुझे. तेव्हापासून राजाच्या शेवटच्या श्वासाबरोबर जमिनीतून निळ्या मुंग्या निघत आणि निम्मे घेऊन जात. निम्मे सोने, निम्मे हत्ती, निम्म्या बागा. कोणी सोने विहिरीत लपवले, कोणी भिंतीत चिणले. मुंग्यांना सगळे सापडे. वज्रकेतूचा पिता वारला तेव्हा त्यांनी नदीवरचा पूलही निम्मा नेला.

आता वज्रकेतूच्या मालकीचा तो बांध होता. त्यातला निम्मा गेला, तर नगर बुडणार होते. लोकांनी गाठोडी बांधून ठेवली होती. राजवैद्य महालातून बाहेर पडला, की सारे रस्ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत.

राजकन्या मंजुघोषेला हे सोसवेना. ती अरण्यात गेली. तिथे वडाच्या ढोलीत राहणारा, माणसांची भाषा बोलणारा एक वृद्ध धनेश पक्षी होता. त्याला तिने उपाय विचारला. धनेश म्हणाला, "विचारणाऱ्याला नियम सांगण्यास अर्धकाल बांधलेला आहे. आजवर सर्वांनी लपवले. विचारले कोणीच नाही."

मंजुघोषा मांत्रिकाच्या डोंगरावर पोहोचली. तिथे अर्धा पूल हवेतच संपत होता आणि हत्ती माहुतांवाचून फिरत होते. अर्धकाल एका दगडावर बसला होता, थकलेला, कशातच रस नसलेला.

"जिवंत हाताने दिलेल्याला माझ्या मुंग्या शिवत नाहीत," तो म्हणाला. "दाने तीन हवीत. एक रक्ताच्या माणसाला. एक ज्यांच्याशी नाते नाही, त्यांना. आणि तिसरे असे, की ज्यावाचून देणारा स्वतःला ओळखणार नाही. मरताना राजाच्या मालकीचे काही उरले नाही, तर वचन फिटले."

"दान खोटे असेल तर?"

"मुंगीला कळते."

राजकन्येने परत येऊन सारे सांगितले, तेव्हा राजा संतापला. त्याने तोंड फिरवले, जेवण परत पाठवले. शेवटी विचारले, "माझ्या मरणाची तयारी करतेस?"

"होय, बाबा. आपण करीत नाही, म्हणून."

बरेच दिवस गेले. मग एका सकाळी त्याने भरदरबारात कोषागार राजपुत्र अंशुमानाला दिले. दरबाराने जयजयकार केला. पण खजिन्याच्या पेटाऱ्यावर एक निळी मुंगी येऊन बसली आणि हलेना. किल्ली अजून राजाच्या उशाखाली होती. ती त्याने स्वतः काढून आणली. अंशुमानाने किल्ली घेतली, बहिणीला बोलावले आणि पित्यासमोरच दोघांनी आपापसांत वाटणी ठरवली, म्हणजे मागाहून तंटा नको. मुंगी निघून गेली.

दुसरे दान बांधाचे. राजा पालखीतून बांधावर गेला. कुंभार, कोळी, गवंडी जमले होते. बांध आता तुमचा, डागडुजीही तुमची, असे त्याने सांगितले. एका म्हाताऱ्या कोळिणीने पुढे होऊन विचारले, "महाराज, उद्या राग आला तर परत मागाल का?"

राजा पालखीतून उतरून पाण्याशी गेला. मग ओंजळीत पाणी घेऊन त्याने ते तिच्या हातावर सोडले. "नाही," तो म्हणाला.

तिसऱ्या दानासाठी त्याने मुकुट उतरवून मंजुघोषेच्या मस्तकावर ठेवला. मुकुटाचे ओझे गेले म्हणून त्याला उलट बरे वाटले. पण उंबऱ्यावर मुंगी होतीच. मुकुट त्याला जड झालेला होता. जड झालेले देणे सोपे असते.

तो दिवसभर महालात फिरत राहिला. खांबांवरून हात फिरवला. जन्मला त्या दालनात उभा राहिला, पुन्हा बाहेर आला. या घराचा धनी, याखेरीज तो कोण होता, हे त्याला सांगता येईना. संध्याकाळी त्याने मुलीला दाराबाहेर बोलावून महाल, आतल्या-बाहेरच्या सगळ्यासह, तिच्या हवाली केला. मग दारातच थांबला, कारण आता आत जायला त्याला परवानगी लागत होती.

"मला इथे राहू देशील?" त्याने विचारले.

मंजुघोषेने हे मागितले होते आणि आता ते तिला बघवत नव्हते. तिने पित्याचा हात धरून त्याला आत नेले. उंबऱ्यावरची मुंगी निघून गेली होती.

पावसाळा सरला, तेव्हा एका दुपारी राजा वारला. फरशीतून निळ्या मुंग्या निघाल्या. त्यांनी पलंग धुंडाळला, पांघरूण धुंडाळले, त्याची बोटे धुंडाळली. सारे दुसऱ्यांचे होते. त्या आल्या तशा परतल्या. त्याच घटकेला हत्ती डोंगर उतरू लागले आणि पुलाचा हरवलेला भाग जागेवर येऊन बसला. अर्धकालही खाली आला. आता तो नुसता एक म्हातारा होता. त्याने लोकांना आपल्या गावाची वाट विचारली. अंशुमानाने त्याला शिदोरी दिली आणि सीमेपर्यंत पोहोचवले.

सुतक फिटल्यावर मंजुघोषा सिंहासनावर बसली. भाट स्तुती गाण्यासाठी उठले. तिने त्यांना थांबवले आणि म्हणाली, "माझ्यामागे कोणी काय सांभाळायचे, ते आज बोलू."

दरबारी चपापले. राणी अजून तरुण होती, निरोगी होती. मग अंशुमान आपले आसन ओढून तिच्याजवळ सरकला, त्याच्यामागे प्रधान सरकला, आणि हळूहळू सगळा दरबार जवळ येऊन बसला.