बाकीचे चौघे

इचलकरंजीच्या गेमिंग कॅफेत चॅम्पियन घोरपडे सर स्पर्धेला परीक्षक म्हणून आले आणि त्यांनी फर्मानच सोडलं, "बंदुकीच्या गेममध्ये एकट्यानं खेळायचं कॅम्पेन म्हणजे नुसती पाणी घातलेली गोष्ट. खरा खेळ पाच जणांच्या टीमचा. कॅम्पेनं स्पर्धेतून काढून टाका."

तिथं रोज खेळणाऱ्या शर्वाणीचा जीव त्या कॅम्पेनांतच. तिनं लाडीगोडीनं विचारलं, "सर, तुमच्या टीमनं कप कसा मारला?"

सर खुर्चीवरच चढले. मी दबा धरला, मी भिंत ओलांडली, मी एकट्यानं ठाणं घेतलं! पोरं टाळ्या पिटून दमली, चहावर साय धरली.

"आणि बाकीचे चौघे?"

सर आठवत राहिले.

"राहू द्या," शर्वाणी म्हणाली. "हे एकट्याचं कॅम्पेन झकास होतं, सर. काढून टाकायचं का?"