वरातीच्या मोटारीचा कॅमशाफ्ट

गाड्या मालकाला उलटून बोलत, त्या काळची गोष्ट. कोल्हापुरात एक दांडगी जुनी मोटार गावभरच्या वराती मिरवायची. तिच्या इंजिनातला कॅमशाफ्ट, म्हणजे झडपांची उघडझाप करणारा दांडा, झिजला, तेव्हा मालक हैबतराव शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट घेऊन आले.

“मला बसवून घे, वाऱ्याला मागे टाकशील,” कॅमशाफ्ट गुरगुरला.

“आणि बँडच्या मागे मुंगीच्या पावलांनी चालायचं असेल तर?” मोटारीने विचारलं.

“तेवढं हळू मला जमत नाही. मी बंद पडतो.”

“मग तू नको. मालक, साधा आणा.”

“लोक हसतील गं,” हैबतराव म्हणाले.

“हसू देत! भर वरातीत नवरीला उतरून मला ढकलायला लावणार असाल, तर आधी मला भंगारात घाला!”

मोटारीने धाडकन बॉनेट मिटलं. हैबतराव साधा कॅमशाफ्ट घेऊन येईपर्यंत ते उघडलं नाही.