केसभर फट

“त्याचं कच्चं काय आहे तेवढं सांगा, मास्तर. बाकी काही नको.”

रघोबा मास्तर क्यूच्या काठीच्या टोकाला निळा खडू घासत होते. या कामाला त्यांना जेवणाइतका वेळ लागायचा, आणि तोवर खुद्द कलेक्टर आला तरी उत्तर मिळत नसे.

बेळगावच्या कॅम्पात, एका बेकरीच्या माडीवर त्यांचा पूल खेळायचा हॉल. दुपारची वेळ होती, खालून खारीचा वास येत होता. जयसिंग घोरपडे याच टेबलावर शिकला, इथूनच जर्मनीला गेला आणि तिकडे एका क्लबाकडून खेळून पोट भरू लागला. आता आला होता तो चुलतबहिणीच्या लग्नाला. निदान घरी तरी तसंच सांगितलं होतं.

“कुणाचं कच्चं?” मास्तरांनी शेवटी विचारलं.

“सोपानचं. आणखी कुणाचं!”

सोपान लोहार म्हणजे त्याचा गुरुबंधू. जयसिंगनेच त्याला जर्मनीला बोलावून घेतलं, विमानतळावरून आणलं, आपल्या खोलीत गादी टाकून दिली, क्लबवाल्यांच्या हातापाया पडून त्याला आत घुसवलं. आणि आता? आता त्याच क्लबाच्या दारावर सोपानचा हा एवढा मोठा फोटो! लोक त्याच्या सह्या घेतात. तेवढंही एक वेळ गिळलं असतं. पण परवा फोनवर सख्खी आई म्हणाली, “सोपानचं पेपरात आलंय, वाचलंस का रे?” तेव्हापासून जयसिंगला अन्न गोड लागेना.

“पुढच्या साली क्लबाला आम्ही दोघं परवडत नाही, मास्तर. आम्हा दोघांची मॅच लावलीय. जिंकेल तो राहणार. हरेल त्याचा करार संपला, आणि करार संपला की व्हिसा संपला. बाडबिस्तरा उचलायचा आणि घरी यायचं.”

“मग खेळ की.”

“खेळतोच आहे! पण तो समोर असला की...”

जयसिंग एकदम बोलून गेला.

“जळतं हो माझं! तो खेळत असतो आणि मी खुर्चीत बसलेला असतो. मनात एकच. चुकू दे, लेकाचा हात आखडू दे. मग माझी पाळी येते आणि बघतो तर माझाच हात आखडलेला. मी शिडी धरली म्हणून वर चढला तो, मास्तर. मी!”

“हं.”

“हं काय? दोघांना तुम्ही शिकवलंत. त्याची नाडी तुम्हाला ठाऊक. लांबच्या शॉटला कचरतो? कडेला चिकटलेल्या बॉलला घाबरतो? काहीतरी असेलच ना!”

“आहे,” मास्तर म्हणाले.

जयसिंग पुढे सरकला.

मास्तरांनी खडू खिशात टाकला आणि लाकडी चौकट टेबलावरून त्याच्याकडे ढकलली.

“समज, मी सोपान. ब्रेक माझा. लाव.”

या हॉलची रीतच होती तशी. ज्याचा ब्रेक, म्हणजे पहिल्या फटक्याने ज्याने बॉल फोडायचे, त्याने स्वतःची मांडणी करायची नाही, ती समोरच्याने लावून द्यायची. नऊ बॉल चौकटीत घालून एकमेकांना घट्ट चिकटवायचे आणि चौकट अलगद उचलायची. नीट चिकटले असले तर पहिल्या फटक्याला लाह्यांसारखे उधळतात. आत केसभर फट राहिली की संपलं. मग भीमाने मारू दे, निम्मे बॉल जागचे हलत नाहीत.

जयसिंगने बॉल लावले. चौकट उचलली. बाजूला झाला.

मास्तर वाकले. क्यू मागे नेला... आणि तसाच थांबवला.

क्यू आडवा ठेवून ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आले. गुडघ्यांवर हात टेकून खाली झाले आणि एक डोळा मिटला.

“उजेड दिसतोय,” म्हणाले.

जयसिंगनेही वाकून पाहिलं. पहिल्या बॉलच्या मागे उजेडाची बारीक रेघ होती.

“हात हलला असेल.”

“असेल.”

“मुद्दाम नाही केलं, मास्तर. आईशप्पथ!”

“मुद्दाम कुठे म्हणतोय मी? तुझ्या अंगठ्याला सवयच आहे. सोपान म्हटलं की हलतो... इथे शिकत होतास तेव्हापासून.”

खाली बेकरीत कुणीतरी पत्रा आपटला. जयसिंगला ते सगळं आठवलं. त्या दिवसांत ‘ब्रेक बघावा तर जयसिंगचा’ असं अख्खा कॅम्प म्हणायचा. सोपानचा ब्रेक म्हणजे फुसका बार. लोहाराचा पोरगा आणि मनगटात जोर नाही, म्हणून सगळे त्याची टर उडवायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो जयसिंग. चौकट उचलता उचलता अंगठ्याने बॉल जरासा सरकवायची गंमत कुणाला दिसली नाही, अशीच इतकी वर्षं त्याची समजूत होती.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“डोळे चांगले होते तेव्हा.”

“मग कान का नाही उपटलेत माझे?”

“उठलो होतो उपटायला. त्याने हात धरला माझा.”

“कुणी?”

मास्तरांनी चौकट हातात घेतली.

“सोपानने? म्हणजे... त्यालाही ठाऊक होतं?”

“ज्याचा ब्रेक रोज फुसका जातो, त्याला ठाऊक नसेल होय?”

जयसिंग मटकन खुर्चीत बसला. लाज वाटत होती. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी पुन्हा तीच आग उठली होती. म्हणजे इथेही तोच मोठा ठरला! इथेही तोच पुढे!

“मग त्याने का नाही ठेवली फट?” तो जवळजवळ ओरडलाच. “माझा ब्रेक असायचा तेव्हा रोज तोच लावायचा ना? एकदा तरी ठेवायची! मी त्याच्या जागी असतो तर...”

आणि त्याची नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली.

मास्तरांनी चौकट पुन्हा बॉलवर ठेवली. दोन्ही हातांच्या बोटांनी मागून बॉल दाबून धरले, श्वास रोखला आणि अंगठ्यांनी चौकट उचलली. वाकून पाहिलं. उजेड नव्हता.

मग त्यांनी क्यू उचलून जयसिंगच्या हातात दिला.

“तुझी मांडणी करताना त्याचा अंगठा हलत नाही, जयसिंग... एवढंच कच्चं आहे त्याचं. मॅचला उपयोग होतो का बघ.”